फाइलमधला न वाचलेला कागद



बँकेच्या नोकरीत माझी चौतीस वर्षे गेली आणि त्यांतील बराच काळ कर्ज विभागात गेला. गहाणखत असो, जामीनपत्र असो वा कॅश क्रेडिटचे नूतनीकरण असो, कर्जदाराने मराठीत किंवा गुजरातीत सही केली की आम्ही एक जादा प्रमाणपत्र घेत असू. दस्तऐवजातील मजकूर त्यास त्याच्या भाषेत वाचून दाखविला आणि त्याने तो समजून घेतला, अशा आशयाचे ते असे. नवीन कारकुनांना हा उपद्व्याप वाटे. परंतु पुढे वाद उपस्थित झाला म्हणजे त्या दोन ओळींचे मोल कळे. आपल्या व्यापारी घरांनाही हे सांगावे लागत नाही. दलालाची चिठ्ठी असो वा वाहतूकदाराची बिल्टी, आपण वजन, भाव आणि तारीख पाहिल्याखेरीज पुढे जात नाही.

अशा आमच्या घरात गेल्या वर्षी एक कागद कोणी वाचला नाही. तो रुग्णालयाने दिलेला होता. त्यातून जे घडले ते सांगताना संकोच वाटतो, कारण चूक आमची होती आणि ‘कागदपत्रांचा माणूस’ म्हणविणारा मी त्या घरातलाच आहे. परंतु माझ्या परिचयातील अनेक कुटुंबांत असेच घडताना पाहिले, म्हणून या वेळचे सदर त्या विषयास दिले आहे.

आमचे थोरले बंधू सांगलीत हळदीचा व्यापार करतात. वय बहात्तर. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू. उजवा गुडघा पार झिजला होता. गादीवर बसणे तर सोडाच, देरासराच्या पायऱ्या चढणेही अशक्य झाले होते. अखेर गुडघा बदलण्याचे ठरले. फाल्गुनातील तारीख मिळाली. तपासण्या झाल्या आणि शस्त्रक्रियेच्या पंधरा दिवस आधी रुग्णालयाने चार पानांचे एक माहितीपत्रक दिले. ते इंग्रजीत होते. पुतण्याने ते तपासण्यांच्या अहवालांबरोबर फाइलमध्ये लावले आणि फाइल दुकानातील कपाटात ठेवली. बिलाचा अंदाज, विम्याची पूर्वमंजुरी, खोलीचा प्रकार या गोष्टी मात्र आम्ही सर्वांनी मिळून बारकाईने तपासल्या होत्या!

दाखल होण्याच्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी विचारले, “काका, ही रक्त पातळ करण्याची गोळी शेवटची कधी घेतली?”

“काल संध्याकाळी जेवणानंतर. रोज घेतो. एक दिवस चुकवीत नाही,” दादांनी अभिमानाने सांगितले.

बाईंनी पेन खाली ठेवले. शस्त्रक्रिया त्या दिवशी झाली नाही.

कारण त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत बहुधा पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. अशा गोळीचा प्रभाव असताना ती सुई दिल्यास मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब येण्याचा आणि पाय कायमचे अधू होण्याचा धोका असतो. म्हणून दादांच्या प्रकारची गोळी साधारणतः पाच ते सात दिवस आधी थांबवितात. परंतु ज्यांना स्टेंट आहे त्यांनी ती आपल्या मनाने थांबविणे हेही तितकेच धोक्याचे, कारण स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. यासाठी हृदयतज्ज्ञांचा लेखी सल्ला आधी घ्यावयाचा असतो.

पुतण्या संतापला. “आम्हांला कोणी सांगितलेच नाही,” असे तो म्हणू लागला. त्याची बाजू घेऊन मीही दोन शब्द बोललो. मग मी फाइल मागितली. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर तिसऱ्या क्रमांकाची सूचना होती: रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास शस्त्रक्रियेच्या किमान दहा दिवस आधी आपल्या हृदयतज्ज्ञांना भेटून लेखी सूचना आणाव्यात. वाक्य ठळक टाइपात होते. कागद इंग्रजीत होता हे खरे. मराठीत असता तर वहिनींनी तो नक्की वाचला असता. परंतु इंग्रजी जाणणारी चार माणसे घरात होती आणि त्यांपैकी एकानेही तो वाचला नव्हता, हेही तितकेच खरे.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर आम्ही तो कागद घेऊन बसलो. मी वाचत गेलो आणि पुतण्या मराठीत लिहून काढत गेला. चार पानांतून निघालेली ही माहिती जवळजवळ प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेस लागू पडते, म्हणून तिचा गोषवारा येथे देतो.

पहिला भाग शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याविषयी होता. आपल्या समाजाला उपवास नवा नाही आणि नेमकी तेथेच आपली फसगत होते. आपल्या उपवासात दिवसा उकळलेले पाणी चालते. रुग्णालयातील उपाशीपणाचे नियम वेगळे आहेत आणि त्यांचे कारणही वेगळे आहे. भूल दिल्यावर गिळण्याची व खोकण्याची नैसर्गिक संरक्षक क्रिया मंदावते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेतून फुप्फुसांत जाऊ शकते आणि त्यातून जीवावर बेतू शकते. म्हणून हलके अन्न सुमारे सहा तास आधी, तळलेले व तेलातुपाचे त्याहूनही आधी बंद करतात. स्वच्छ पाणी मात्र पुष्कळदा दोन तास आधीपर्यंत चालते. ‘फक्त चहाच घेतला’ असे सांगणारे अनेक असतात. दुधाचा चहा पाण्याच्या नव्हे, अन्नाच्या खात्यात धरतात. मधुमेहाच्या गोळ्या व इन्शुलिन त्या दिवशी नेहमीच्या मापाने घेतले आणि पोट रिकामे राहिले तर साखर एकदम खाली जाते. उलट रक्तदाबाच्या काही गोळ्या त्याही दिवशी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयास सांगतात. कोणती घ्यावयाची आणि कोणती थांबवावयाची हे प्रत्येक रुग्णागणिक बदलते. म्हणून गोळ्यांची यादी समोर ठेवून प्रत्येकीपुढे ‘घेणे’ किंवा ‘थांबविणे’ आणि तारीख, असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

दुसरा भाग संमतिपत्राचा. रुग्णाला आत नेताना घाईघाईत पुढे केलेल्या कागदावर आपण जेथे फुली दाखवतील तेथे सही करतो. या सहीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याच्या निकालात स्पष्ट केला आहे. उपचार कोणता व कशासाठी, त्यापासून लाभ काय, दुसरा पर्याय आहे काय, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे. तरच ती संमती ठरते. एका क्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या क्रियेस चालत नाही. अपवाद रुग्णाचा जीव वा प्रकृती वाचविण्यासाठी तातडीची गरज असेल तेवढाच. मी बँकेत जे प्रमाणपत्र घेत असे, त्याचेच हे अधिक गंभीर रूप आहे. म्हणून संमतिपत्र एक दिवस आधी मागून घ्यावे, घरी वाचावे आणि प्रश्न लिहून न्यावेत. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

तिसरा भाग घरी आल्यानंतरचा. यात आम्हांला न सुचलेल्या कितीतरी गोष्टी निघाल्या. उदाहरणार्थ, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याखाली उशी ठेवू नये. बरे वाटते म्हणून घरची माणसे प्रेमाने उशी सरकवतात. परंतु गुडघा वाकलेला राहून पुढे पूर्ण सरळ होत नाही. आधार द्यावयाचा तर टाचेखाली द्यावा. मांडी घालून व जमिनीवर बसणे बंद. म्हणजे सामायिक व प्रतिक्रमण खुर्चीवर. शौचालयास कमोड. वाटेतील सतरंज्या व पायपुसणी उचलून ठेवणे, कारण नव्या गुडघ्यास पडण्याचे भय सर्वांत मोठे.

शेवटी चौकटीत धोक्याची लक्षणे होती. पोटरीत दुखणे व सूज, जखमेतून पू किंवा वाढता स्राव, ताप, जखमेभोवती वाढती लाली, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. छातीत दुखू लागले किंवा एकाएकी दम लागला तर क्षणही न घालविता रुग्णालय गाठावे, कारण पायातील गुठळी सुटून फुप्फुसात गेल्याचे ते चिन्ह असू शकते. हा मजकूर वहिनींनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून फोन नंबरासह देव्हाऱ्याशेजारी चिकटविला.

हृदयतज्ज्ञांचे पत्र आले. कोणती गोळी कोणत्या तारखेस थांबवावयाची आणि कोणत्या तारखेस पुन्हा सुरू करावयाची, सर्व लेखी. पाडव्यानंतर नवी तारीख मिळाली. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली आणि चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, दादा वॉकर घेऊन घरी आले. आता कागद वाचला, मराठीत लिहिला, भिंतीवर लावला. आपण सुटलो, असे मला वाटले.

बुधवारी दुपारी मी त्यांना भेटावयास गेलो. पायात गुठळी होऊ नये म्हणून एक गोळी रुग्णालयाने दिली होती. सकाळी एक व रात्री एक. जुन्या सवयीने मी पाकीट हाती घेऊन गोळ्या मोजल्या. घरी येताना अठरा दिल्या होत्या. रविवारच्या रात्रीपासून बुधवारच्या सकाळपर्यंत सहा संपून बारा उरावयास हव्या होत्या. निघाल्या पंधरा.

“वहिनी, रोकड जुळत नाही,” मी म्हणालो.

“भाऊजी, सकाळची तर मी स्वतः देते. रात्रीची ते म्हणतात मी घेईन,” त्या म्हणाल्या.

दादा काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अरे, माझा चौविहार आहे हे तुला माहीत नाही का? रुग्णालयात आगार ठेवला होता. घरी आल्यावर कशाला? सकाळची घेतो आहे ना.”

तीस वर्षांचा त्यांचा नियम. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. गोळी गिळावयाची म्हणजे पाणी आले. म्हणून त्यांनी तीन रात्री ती बाजूस ठेवली आणि कोणास त्रास नको म्हणून बोललेही नाहीत. त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण त्या क्षणी माझ्या हातापायांतील बळ गेले. गुडघा बदलल्यानंतरच्या दिवसांत पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा संभव बराच असतो. त्या गोळीचा प्रभाव दिवसभरच पुरेसा टिकतो, म्हणून ती बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते. रात्री उघड्या राहिल्या होत्या.

तत्काळ फोन केला. डॉक्टरांनी दादांना बोलावून घेतले, पोटरी तपासली आणि शिरांची सोनोग्राफी करविली. दैवाने गुठळी नव्हती. मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. “शेठ, रात्रीच घ्या असे मी कुठे म्हणतो? बारा तासांचे अंतर महत्त्वाचे. तुमचा नियम आधी सांगितला असता तर सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा असे लिहून दिले असते.” चैत्रातले दिवस, आमच्याकडे साडेसहाला सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी साडेसहाला मावळलेला नसतो. नियमही राहिला असता आणि गोळीही चुकली नसती. पुढचे दिवस तसेच गेले.

या प्रसंगाने माझ्या समजुतीत भर पडली. तोवर मी मानीत होतो की कागद वाचला म्हणजे कर्तव्य संपले. परंतु रुग्णालयाचा छापील कागद सर्वांसाठी असतो. आपण रात्री पाणी पीत नाही, आपली आयंबिलाची ओळी चालू आहे, आपण कंदमूळ घेत नाही, हे त्याला ठाऊक नसते. ती बाजू भरावयाची ती आपणच. रोजमेळात जमेची बाजू लिहिली आणि नावेची कोरी ठेवली तर हिशेब जुळेल कसा?

औषधांच्या घटकांचेही असेच. अनेक कॅप्सूलची टोपणे जिलेटिनची असतात, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होते. गुठळी टाळण्यासाठी देण्यात येणारी हेपारिन गटातील इंजेक्शने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार करतात. ज्यांच्या मनास हे बोचते त्यांनी दाखल होण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे. पुष्कळदा गोळीचा वा अन्य औषधाचा पर्याय निघतो. पर्याय नसेल तर काय करावयाचे, हेही आधीच ठरविता येते. गुरुभगवंतांचा सल्ला घ्यावयास वेळही मिळतो. मात्र मनात ठेवून औषध गुपचूप टाळणे, यासारखे वाईट दुसरे नाही.

ऐकलेले आपण किती लक्षात ठेवतो? नेदरलँड्समधील संशोधक रॉय केसेल्स यांनी 2003 साली या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी 40 ते 80 टक्के भाग रुग्ण लगेच विसरतो आणि जे लक्षात राहते त्यातील जवळजवळ निम्मे चुकीचे असते, असे त्यांनी नमूद केले आहे. भय, वय आणि अपरिचित शब्द, ही त्याची कारणे. म्हणून डॉक्टरांचे बोलणे संपल्यावर तेच आपल्या शब्दांत त्यांना परत सांगावे: “म्हणजे डॉक्टर, ही गोळी मी गुरुवारपासून बंद करायची आणि ती त्या दिवशीही घ्यायची, बरोबर?” चूक असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त होते. फोनवर माल ठरवताना आपण भाव व वजन उलट म्हणून दाखवतो, तसेच हे.

वाचकांच्या सोयीसाठी काही सूचना एकत्र देतो.

एक, रुग्णालयाने दिलेले माहितीपत्रक त्याच दिवशी घरातील दोघांनी वाचावे. बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, त्यामागील हेतू हाच. मराठी प्रत अवश्य मागावी. मागणारे वाढले की प्रती निघू लागतील.

दोन, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी करावी. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या व दुकानातून आणलेली वेदनाशामके यांसह. ‘हे काही औषध नव्हे’ म्हणून काहीही वगळू नये.

तीन, आपले नियम व व्रते त्याच यादीखाली लिहावीत आणि डॉक्टरांना वाचून दाखवावीत.

चार, औषधांचे वेळापत्रक घड्याळाच्या वेळेनुसार लिहावे आणि दर दोन दिवसांनी उरलेल्या गोळ्या मोजून ताळा पाहावा.

पाच, धोक्याची लक्षणे व फोन नंबर सर्वांना दिसेल अशा जागी लावावे. रात्री दोन वाजता फाइल सापडत नाही.

सहा, घरी सोडताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड व अहवाल जपून ठेवावेत. ते न मिळाल्यास, 2002 च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांनुसार, मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणेही.

आणि अखेरची सूचना व्यापारी घरांतील तरुणांसाठी. वडीलधारी माणसे त्रास नको म्हणून बोलत नाहीत. “औषध घेतले का?” या प्रश्नास ते “हो” म्हणतात आणि विषय संपवितात. त्यांना विचारावे, पण शेजारी बसून, वेळ काढून. आमच्या पुतण्याने त्यानंतर बारा दिवसांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत रोज संध्याकाळी सव्वासहाला दुकान नोकरांवर सोपवून घरी येण्याचा क्रम ठेवला. चैत्र म्हणजे हळदीच्या ऐन आवकेचे दिवस, तरीही.

दादा आता खुर्चीवर बसून पेढी सांभाळतात आणि देरासराच्या पायऱ्या कठड्याला धरून चढतात. पुढील महिन्यात वहिनींच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. परवा रुग्णालयाचा कागद आला, तेव्हा दादांनी तो फाइलला लावू दिला नाही. चष्मा पुसून पुतण्याला म्हणाले, “बस इथे. आधी वाच, मी लिहितो.” थेंबांच्या तीन बाटल्या, प्रत्येकीच्या वेळा, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटांचे अंतर, डोळ्यात पाणी जाऊ न देणे, दुखले वा दिसणे कमी झाले तर त्याच दिवशी कळविणे, असे सर्व त्यांनी रोजमेळाच्या कोऱ्या पानावर उतरविले. खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: हिचा चौविहार आहे, डॉक्टरांना विचारणे.